लेकींचं माहेर

सकाळी आठ वाजता तळ्याच्या पूर्वेच्या काठाला दोनशे माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तळेबाबा खुर्चीत. "या गं लेकींनो!" त्यांनी हाक मारली आणि खरोखरच हजारो सोनेरी जेलीफिश फुगत-मिटत काठाकडे आल्या. मन शुद्ध असेल त्याला त्या डंख करत नाहीत, शिवाय दुखणं शोषून घेतात, असा बाबांचा दावा. कोणालाही डंख झाला नाही. एकच प्लॉट तिघांना विकणारे आमचे भावजीसुद्धा शुद्ध निघाले, तेव्हा मला पहिली शंका आली.

दुसरी शंका बाबांच्या छत्रीची. तिच्या सावलीत एकही जेलीफिश शिरत नव्हती.

"आदर!" शिष्य म्हणाला.

"सुई टोचते ते औषध कसलं?" या बाबांच्या वाक्यावर विश्वास ठेवून माझ्या मधुमेही ताईने चार दिवसांपासून इन्सुलिन बंद केलं होतं. ओठ कोरडे, बाटलीमागून बाटली रिकामी, पावलं जड.

दुपारी बाबांची खुर्ची होडीत चढली. आता दर्शन पश्चिमेच्या काठाला.

"बाबा, मला तिथवर चालवत नाही," ताई दगडावर बसूनच म्हणाली. "त्यांना इकडेच बोलवा ना."

"दुपारी लेकी माहेरी जातात, माई."

"लेकी तुमच्याच ना? मग माहेर इथंच की!"

गर्दीतल्या बायका एकदम बाबांकडे वळल्या. बाबांनी तीनदा हाक मारली. पाणी स्वच्छ, निवांत आणि रिकामं.

"घसा कशाला सुकवता?" होडीवाला वल्हं पुसत म्हणाला. "त्यांच्या अंगात बारीक शेवाळ असतं. त्याला ऊन मिळालं की यांचं पोट भरतं. म्हणून सूर्य असेल तिकडे जातात, सावली टाळतात. माझ्या आजोबांपासून बघतोय."

"आणि डंख?" भावजींनी विचारलं.

"आहे. पण इतका बारीक की माणसाला कळत नाही. मी दोनदा तुरुंगात जाऊन आलोय, मलाही नाही कळला."

ताईने माझा हात धरला. "दवाखान्यात चल."

सुई टोचली तेव्हा ती "आई गं" म्हणाली. चार दिवसांत तिला लागू पडलेला तेवढा एकच डंख.

तळं सुंदर आहे, जरूर बघा. फक्त चमत्कार बघताना खुर्ची कधी, कुठे हलते तेही बघा. आणि औषध बंद करायचं तर ते डॉक्टरला विचारून.