शालिकरामभाऊंची रबरी गादी

शालिकरामभाऊंना बसता येईना, ही बातमी आमच्या मनीषनगरच्या गल्लीत मीच पसरवली. शेजारधर्म म्हणून.

भाऊंनी काटोलच्या संत्रा-व्यापाऱ्याच्या मुलाला, रजतला, आपली रितिका द्यायचा शब्द दिला होता. रितिकाला विचारायचं तेवढं राहून गेलं. तिने तोंडावर नकार दिला, तर भाऊ म्हणाले, "शब्द गेला, आता काय!" त्याच आठवड्यात त्यांच्या बुडाशी मुंगळा डसल्यासारखी कळ सुरू झाली.

गल्लीने मूळव्याध ठरवून टाकली. सुरण झाला, ताक झालं, कोमट पाण्याचा टब झाला. भाऊ मधे भोक असलेली रबरी गादी काखेत मारून बँकेत, देवळात हिंडू लागले. शेवटी डॉक्टरने सगळं तपासलं. "मूळव्याध नाही, जखम नाही. ताणाने तिथले स्नायू आखडतात. मनात काय अडकलंय?"

"मी टेन्शन घेत नाही, देतो!" भाऊ खवळले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "दुखते कुठं अन् हा पाहून राहिला कुठं गा!"

बैठकीचा दिवस उजाडला. सुपारी फोडायला मुलीच्या बापाने पाहुण्यांसमोर मांडी घालून बसायचं, ही रीत. भाऊ रबरी गादीवर टेकले, उठले, कुशीवर कलले, पुन्हा उठले.

"बसा ना भाऊ, मुहूर्त चालला," मुलाचे मामा म्हणाले. हे स्थळ त्यांनीच जुळवलं होतं.

आतून रितिका आली. "बाबा, तुमाले पाच मिनिटं बसवून नाही राहिलं, अन् मले जन्मभर तिथं बसाले सांगता?"

मला त्या पोरीचा भारी अभिमान वाटला.

भाऊंनी सुपारी हातात फिरवली आणि ताटात परत ठेवली. "माफ करा मामा. मी पोरीले विचारलंच नाही. ही सोयरीक होत नाही."

पाहुणे तणतणत उठले. "अख्ख्या काटोलले सांगून बसलो मी! आता तोंड कसं दाखवू?" म्हणत मामा दारात थबकले. त्यांचा हात हळूच कमरेखाली गेला.

भाऊ नुसत्या फरशीवर मांडी ठोकून पाहुण्यांचे पोहे खात होते. त्यांनी रबरी गादी माझ्याकडे सरकवली.

"मामाले देऊन ये गा. काटोल दूर आहे, बसून जा लागते."