लंगोटातलं कुंकू

मे महिना, खाडीकाठचं कोपर गाव. पंखा बंद.

जिन्यात चपलांचे एकोणतीस जोड.

मिठागरात अठरा वर्षं राबलेला एक म्हातारा. त्याला देवीचं विचारू नका, पाण्याचं विचारा.

दोन किलो सहाशे ग्रॅम. तारखेच्या तीन आठवडे आधी.

"अगं, रडतच नाही! किती शहाणी पोर!"

लंगोटावर टिकलीएवढा लाल डाग.

हे सगळं एकाच घरातलं. चौथ्या मजल्यावर निशा पहिल्यांदाच बाळंत झाली होती आणि तिच्या चार दिवसांच्या मुलीच्या पाया पडायला दाराबाहेर बायकांची रांग लागली होती.

शेवंतीमावशी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. आली त्याच दिवशी तिने केस मोकळे सोडले आणि घुमत सांगितलं, "चौथ्या दिवशी लंगोटात कुंकू पडंल! देवी येतेय! तवर आईचं दूध बंद. चीक जड असतो, पिळून टाका. मधाचं बोट पुरे. आन् पंखा लावाल तर देवी उडून जाईल!"

पंख्याच्या वाऱ्याने उडणारी ही कसली देवी, असं निशाच्या मनात आलं. पण बोलणार कोण? सासू तुळसा हात जोडून उभी, नवरा विकी मोबाइलवर शूटिंग करतोय. निशाने चीक मोरीत पिळला. पोरीला तीन दुपट्यांत आवळून बांधलं, शेजारी शेगडी ठेवून धुरी दिली.

चौथ्या दिवशी कुंकू पडलं. बरोब्बर.

"उदो, उदो!" शेवंती लंगोट नाचवत ओरडली आणि जिना दणाणला.

निशा मात्र पोरीकडे बघत होती. पहिल्या दिवशी पोर भोकाड पसरायची. काल नुसती कण्हली. आज तेही नाही. तोंडात बोट घातलं तर जीभ कोरडी, चिकट. डोक्यावरची टाळू वाटीसारखी खोल गेलेली. कालपासून त्या डागाशिवाय लंगोटाला ओल म्हणून नव्हती.

"मावशी, ही डोळे उघडत नाहीये."

"समाधी लागलीय बाय तिला. देवीला हलवायचं नसतं."

दुसऱ्या मजल्यावरची संचिता दारात उभी होती. ती वाकली नाही. "माझी पण अशीच शहाणी होती," एवढंच म्हणाली. गेल्या वर्षी तिच्याही मुलीच्या लंगोटात कुंकू पडलं होतं. मग सहाव्या दिवशी देवीने तिला 'परत नेलं'.

निशाने पोरीला जवळ ओढलं.

तेवढ्यात सासरा काळुराम आत घुसला.

"अवो, सोयर हाय! आत नका येऊ!" तुळसा ओरडली.

म्हाताऱ्याने ऐकलं नाही. लंगोट खिडकीपाशी नेला, डाग बोटांनी चोळून पाहिला. "तुळसा, तू बी मिठाच्या पाट्या वायल्यास ना? मिठागरात पानी लाल कवा दिसायचं?"

"आटत आल्यावर," तुळसाच्या तोंडून आपसूक निघालं. आणि तिचा हात तोंडावरच राहिला.

"मंग पोर आटलीय आपली."

"कोप होईल!" शेवंती किंचाळली.

"होऊ दे माझ्यावर!" निशा ताडकन उठली. दुपटी सोडली, पोरीला छातीशी लावलं. पोर ओढेना. ओठसुद्धा हलवेना. "विक्या, ठेव तो फोन! रिक्षा आण!"

रिक्षात निशा पोरीच्या नाकाशी बोट धरून बसली. बोटाला श्वास जाणवला की पुढचा येईपर्यंत आकडे मोजायची. शेजारी संचिता, न बोलावता आलेली.

दवाखान्यात डॉक्टर समीक्षांनी वजन केलं. दोन किलो दोनशे. जन्मल्यापासून चारशे ग्रॅम गेले होते. सुई टोचली तरी पोर रडली नाही.

"रक्तातलं मीठ वाढलंय," रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या. काळुरामने नुसती मान हलवली. "मिठागराची लाली वेगळी आजोबा, पण तुम्ही ओळखलंत बरोबर. हे लघवीतले क्षार. पहिले एक-दोन दिवस थोडे दिसतात. चौथ्या दिवशी दिसले तर समजायचं, बाळाला दूध पुरत नाहीये. ही वेळेआधी आलेली, आई पहिलटकरीण. अशी बाळं आधीच झोपाळू, नीट ओढत नाहीत. त्यात चीक तोडला, मे महिन्यात शेगडी लावली!"

"पण मावशीने दिवस आधीच सांगितलेला," विकी चाचरला.

"उपाशी ठेवायला सांगितलं आणि उपाशी राहिल्यावर काय होतं तेही सांगितलं. यात चमत्कार कुठला? कुणाचंही बाळ द्या, असंच कुंकू पाडून दाखवता येईल."

संचिताने हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या मुलीला तहान लागली होती?"

डॉक्टरांनी तिचा हात धरला.

सलाईन थेंबाथेंबाने, सावकाश, दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पोरीने निशाची मांडी भिजवली आणि असं भोकाड पसरलं की तुळसा रडत रडत हसली.

घरी आल्यावर जिन्यात पुन्हा बायका जमल्या. शेवंतीचा पत्ता नव्हता. निशा पायरीवर बसून, सगळ्यांसमोर, पोरीला पाजत बोलली, "लंगोट मोजा गं बायांनो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओले झाले पाहिजेत. पहिला चीक बाळाचाच आहे. उकडत असेल तर पंखा लावा. आणि न रडणाऱ्या बाळाला शहाणं म्हणू नका, दवाखान्यात न्या. देवी असलीच, तर ती बाळाला उपाशी ठेवायला सांगणार नाही."

गेल्या वर्षी बारा मेला, मुलगी गेली त्या दिवशी, संचिताला भरपूर दूध आलं होतं.