विंगेतला खोकला

नाटकमंडळात प्रॉम्प्टरला कुणी कुत्रं विचारत नाही. संवाद विसरला की मात्र सगळ्यांना तोच आठवतो. सरोजिनीकाकू रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्या, विंगेतून काही झाल्या नाहीत. तेवीस वर्षं तेच स्टूल, मांडीवर नाटकाची वही, अन् समोर अख्ख्या रायपुरातल्या मराठी माणसांची लाडकी नटी, यामिनी.

ही यामिनी एकेचाळिसाव्या वर्षी गेली. फुफ्फुसाचा कॅन्सर. सिगरेट सोडा, बाईनं कधी सुपारी तोंडात टाकली नव्हती. तरी लोकांच्या जिभेला हाड असतं का? "नाटकवाली होती, ओढत असंल लपूनछपून," असं तेरवीच्या पंगतीत बसून बोलणारे होतेच. मेल्यांना लाज नाही.

काकूंना खाणारी गोष्ट वेगळीच होती. शेवटच्या नाटकात यामिनी आजारी सुनेचं काम करायची. तालमीत ती नको तिथं खोकायला लागली. काकूंना वाटलं, काय जीव ओतते पोट्टी! त्यांनी वहीत पेन्सिलीनं नऊ ठिकाणी 'खोकला' लिहून टाकलं. एखादा राहिला, तर विंगेतून स्वतः हळूच खोकून आठवणही करून दिली. प्रयोगाला टाळ्या पडल्या. डॉक्टरकडे नेईस्तोवर चार महिने उलटले होते. 'चल गं, दाखवून येऊ,' एवढं म्हणायला आपलं तोंड कुठं गेलं होतं?

वर्षश्राद्ध झालं अन् दिग्दर्शक भार्गवनं तिच्या आठवणीत तेच नाटक पुन्हा काढलं. सुनेचं काम मिळालं क्षमाला. सव्वीस वर्षांची, समता कॉलनीतली हसरी मुलगी. काकूंनी आधी काय केलं असेल, तर रबर घेऊन नऊच्या नऊ खोकले खोडले.

पहिल्याच तालमीत तो आला. पहिल्या अंकात, सून सासऱ्याला चहा देते तिथं. दोनदा कोरडा, मग एक लांब ओढलेला श्वास. हुबेहूब यामिनीचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटांवर मोजले. नऊ. खोडलेल्या जागी, एकही इकडचा तिकडे नाही.

"क्षमा, तू काहून खोकून राहिली वं?"

"मैं कहाँ खाँसी, काकू?" क्षमा हसली. तेवढ्यात भार्गवनं पुढचा प्रवेश लावला.

बाई गं! हिला कळतसुद्धा नाही. यामिनीला तरी कुठं कळलं होतं? ती सांगायला आली आहे, काकूंच्या मनानं घेतलं, या पोरीला तरी वाचवा म्हणून आली आहे. प्रयोग आठ दिवसांवर होता. काकूंनी भर तालमीतून क्षमाला मनगट धरून बाहेर काढलं.

"काकू, प्रयोगाचं काय?" भार्गव ओरडला.

"चुलीत गेला तुझा प्रयोग!"

छातीच्या डॉक्टरनं एक्सरे काढून उजेडाला धरला. "बिलकुल साफ है." काकूंनी त्याला तिथल्या तिथं हात जोडले. डोळ्यांतलं पाणी थांबेना. फिटलं एकदाचं, असं त्यांना वाटलं.

"पर काकू, आपको लगा कैसे कि मैं खाँसती हूँ?"

"या कानांनी ऐकलं ना मी. रोज नऊ वेळा."

क्षमा गोंधळली. "वो तो आप खाँसती हो, काकू. विंग से. भार्गव भैया बोले, काकू जुन्या सवयीनं आठवण देऊन राहिल्या, टोकू नको त्यायले. तो हम सब चुप रहे."

डॉक्टरनं एक्सरे खाली ठेवला आणि पहिल्यांदा काकूंकडे नीट पाहिलं. "कब से, अम्मा?"

दहा मिनिटांनी काकू आतल्या खोलीत, एक्सरेच्या थंडगार पाटीला छाती टेकवून एकट्याच उभ्या होत्या.

"साँस रोको," काचेपलीकडून आवाज आला.

काकूंनी श्वास रोखला. ओठ गच्च मिटून घेतले. अन् यामिनी खोकली.