आत्याच्या नावाचा पतंग

धाकट्या भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी थोरल्या भाचीला जंगलात दिव्यावर आलेला नखाएवढा पतंग सापडला. ती कीटकांवर संशोधन करायची. तिला लहानाची मोठी केली ती आत्याने.

"नव्या जातीचा निघाला तर तुझं नाव देणार," भाची म्हणाली.

"किड्याला? शेजारीण खो-खो हसेल!" आत्या म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून प्रयोगशाळेत हजर!

असे पतंग बाहेरून सारखेच दिसतात. मेलेल्या पतंगाच्या पोटाचं टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. आणि पतंग तर एकच होता.

"आत्या, जोरात श्वाससुद्धा सोडू नकोस. एवढासा तुकडा, उडून जाईल."

जन्मात कधी गप्प न बसलेली आत्या तोंडावर हात दाबून उभी राहिली.

"नवाच आहे गं!" भाची ओरडली.

"मग आता बोलू?"

त्यानंतर आत्या थांबलीच नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ताठ मानेने सांगायची, "माझ्या नावाचं पाखरू आहे, म्हटलं!"

पतंगाचं वर्णन तिच्या नावासकट छापून आलं. पुढच्या वर्षी, धाकटीचं बाळ रांगायला लागलं तेव्हा, आत्या वारली.