भाकरतुकडा

सातारा जिल्ह्यात ज्याला चाक आहे त्याच्यावर नाव असतंच. ट्रॅक्टरवर असतं, बुलेटवर असतं, तान्ह्या पोराच्या बाबागाडीवरसुद्धा असतं. हसू नका, खरंच असतं. तेव्हा फौजेतनं रिटायर होऊन आलेल्या बापानं पोराच्या महागड्या रेसिंग सायकलीवर लाल रेडियममध्ये 'सूरज' असं ठसठशीत लिहून घेतलं, यात नवल ते काय? सूरजला लाज वाटली. पुण्याहून घाट चढायला येणारी मंडळी बघून हसतात, म्हणाला. बाप म्हणाला, हसू देत, चोरीला गेली की रडशील. विषय संपला.

शेजारच्या जोतीरामला मात्र त्या सायकलीचं लय वेड. त्याची स्वतःची सायकल जुनी, गिअर मनाला येईल तेव्हा पडायचे. तरी गडी कधी मागं राहिला नाही. दोघं एका आळीतले, शाळेपासून बरोबरचे, आणि दर रविवारी उजाडताना दोघांची स्वारी निघायचीच. कधी धोमच्या धरणाला वळसा, कधी पसरणीचा घाट चढून पाचगणी. गावातली म्हातारी माणसं म्हणायची, एवढी ताकद आहे तर उसाला पाणी पाजा की.

त्या रविवारी सूरज नुकताच तापातून उठलेला. वाई ओलांडली नाही तोच पाय भरून आले. घाटाच्या फाट्यावर थांबला, म्हणाला, आपल्याच्यानं आज चढ होत नाही, मी मेणवलीवरनं धोमला जाऊन येतो, तू जा घाटात. आणि मग, कुठनं बुद्धी झाली देव जाणे, आपणहून म्हणाला, "माझी घिऊन जा रं. बघ तरी कशी चढती."

आंधळा मागतो एक डोळा! जोतीरामनं सायकल बदलली आणि मागं वळूनसुद्धा न बघता पळाला. सूरजचा फोन त्या सायकलीच्या सीटखालच्या पिशवीत होता, तो तिथंच राहिला. जोतीरामचा फोन घरी चार्जिंगला.

सूरजनं सकाळ मजेत घालवली. मेणवलीच्या घाटावर कृष्णेत पाय सोडून बसला, धोमला नरसिंहाला हात जोडले, टपरीवर दोनदा चहा प्याला. ऊन चढल्यावर परत निघाला. जोतीरामच्या खटाऱ्याला वाटभर शिव्या दिल्या आणि आता हा पठ्ठ्या आपली सायकल परत देतोय का, म्हणून एकटाच हसला.

आळीत शिरला तर त्याच्याच दारात बायकांची गर्दी. कुणीतरी म्हातारं गेलं असणार, असं त्याला वाटलं. मग एकीनं त्याला बघितलं आणि ती मटकन रस्त्यातच बसली. दुसरीनं जवळ येऊन त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. सायकल भिंतीला लावायचंही त्याला सुचलं नाही.

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. जेवायला कधी येतोस, म्हणून आईनं त्याला फोन लावला होता. उचलला परक्या माणसानं. घाटातल्या वळणावर टेम्पोनं उडवलं, पोरगं जागीच गेलं, साताऱ्याला सरकारी दवाखान्यात नेलंय, म्हणाला. आईनं नाव विचारलं. सायकलीवर लिवलंय की, सूरज. बाप आणि चार माणसं गाडी करून आत्ताच साताऱ्याला गेली होती.

सूरजला सगळं उमगलं. घाट. माझी सायकल. जोतीरामच्या सायकलीची मूठ त्यानं गच्च धरून ठेवली होती.

आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. पोराला बघून तिनं बसल्या जागेवरनंच दोन्ही हात पुढं केले. तिला धरून बसली होती ती बनाबाई, जोतीरामची आई. बातमी आल्यापासून हलली नव्हती. माझा जोतीराम हाय त्येच्यापाशी, एकटा न्हाई तुझा सूरज, असं सांगून तिनं त्या माउलीला सावरून धरलं होतं. आता तीच सगळ्यांच्या आधी उठली.

"तितंच थांब. उंबरा वलांडू नगंस."

धावत आत गेली आणि भाकरीचा तुकडा नि तांब्याभर पाणी घेऊन आली. जो मरणाच्या दारातनं परत आला, त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत. हे काम आईचं. पण आईच्या अंगात त्राण नव्हतं, मग बनाबाई तर कोण परकी होती?

तिनं तुकडा त्याच्यावरनं ओवाळला. रडत होती आणि हसतही होती. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, लेकरा, तुझं लय वाढलं बघ, म्हणाली. तुकडा मोडून दोन्ही अंगांना टाकला. मग ओल्या बोटांनी त्याच्या डोळ्यांना पाणी लावता लावता तिचा हात थबकला.

"पर कुणाचं तरी पोर गेलंच की रं," ती म्हणाली. "त्या माउलीला कळलं तरी असंल का?"

सूरजला वाटलं, धरणी दुभंगावी. तिची बोटं अजून त्याच्या पापण्यांवर होती.

"काकू," तो म्हणाला, "माझी सायकल जोतीरामकडं हाय."

मागं बायकांत कुणाच्या तरी तोंडाला पदर गेला. बनाबाईच्या हातातल्या तांब्यात अजून पाणी होतं. तिनं ते सगळं नीट त्याच्या पायांवर ओतलं, रीत पुरी केली, आणि मग विचारलं,

"मग त्यो कवा येतोय?"