वांग्याची बदनामी

गुंडोला वांगं चालत नाही, हे यशवंतपूरच्या बाजारात हमालालाही ठाऊक होतं. लहानपणी म्हणे वांगं खाऊन त्याचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास कोंडला, पोरगं यमाच्या दारातून परत आलं. तेव्हापासून वांगं बंद. बंगळुरात जन्म काढून वांगीभात नशिबात नाही! लग्नाच्या पंगतीत भरल्या वांग्यांचा वास आला की बिचारा डोळे मिटून नुसत्या वासावर भात जेवायचा.

तर या कांदेवाल्या गुंडोच्या पायात पोतं ओढायचा आकडा घुसला. त्याने हळद चेपली, वर चुना लावला आणि दुकानात बसला. पाय गुडघ्यापर्यंत लालभडक झाला, हुडहुडी भरली, तेव्हा बायको पद्मावतीने त्याला ओढत इस्पितळात नेलं.

"गोळ्यांनी भागणार नाही," डॉक्टर प्रदीपकुमार म्हणाले. "जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेतेल. शिरेतून इंजेक्शन द्यावं लागेल. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?"

"औषधाची नाही. वांग्याची."

"मी भाजी नाही विचारली."

"तरी लिहा सर. जीवघेणी आहे."

नर्स शिल्पाश्रीने कॉम्प्युटरात वांगं टाकलं.

तेवढ्यात बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत गुंडोची थोरली बहीण कृष्णवेणी आली. हातात केळी. शिल्पाश्री सिरिंज घेऊन आली आणि नियमाप्रमाणे परत विचारू लागली.

"नाव?"

"गुंडो."

"अ‍ॅलर्जी?"

"वांगं."

"सरी, ठीक आहे. हे पेनिसिलिनच्या जातीचं आहे. स्वल्प जळजळेल."

कृष्णवेणी पांढरीफटक पडली. तिने पद्मावतीकडे पाहिलं, सिरिंजकडे पाहिलं, मग छताकडे, जणू स्वर्गातली आई तिथून डोळे वटारतेय. सिरिंज गुंडोच्या हातातल्या सलाइनच्या नळीला लागणार तोच ती किंचाळली, "थांब गं बाई!" केळी पलंगाखाली गेली.

"काय झालं अक्का?"

"वांगं नव्हतं रे ते!"

"मग काय होतं?"

"तुझा घसा सुजला होता. डॉक्टरने पेनिसिलिनची सुई टोचली आणि तू घटकेत फुगलास. वांगं दुपारी खाल्लं होतंस, एवढंच."

"मग वांग्याचं नाव का घेतलं?"

"मुलाला औषध सोसत नाही म्हटल्यावर पोरगी कोण देणार? वांग्यावरून कोणी स्थळ मोडत नाही. आईने देवापुढे शपथ घातली होती, सुनेच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

"म्हणजे मला फसवून आणलं!" पद्मावती उठलीच.

"तुला? मला फसवलं!" गुंडोचा आवाज फाटला. "माझ्या स्वतःच्या लग्नात मी वांगं खाल्लं नाही!"

डॉक्टर धावत आले. सिरिंज परत गेली. "अ‍ॅलर्जी अजून असेल, नसेलही. पण अंदाजाने टोचून बघायची गोष्ट नाही ही. श्वासच बंद झाला असता." मग कधी, कशाने, काय झालं हे सगळं अक्काकडून खोदून विचारून त्यांनी दुसऱ्या जातीचं औषध लिहिलं. ते हळूहळू सोडायचं, नर्सने शेजारी उभं राहायचं, आणि रिअ‍ॅक्शन आलीच तर द्यायचं इंजेक्शन तयार ठेवायचं.

गुंडोने बायकोचा हात धरला. "या जगात तूच एक माझी."

पद्मावतीने हात हलकेच सोडवला. "खरं सांगू का? लग्नानंतर एकदा सांबारात चुकून वांगं पडलं होतं. तुम्ही दोनदा मागून घेतलंत. काही झालं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुकानात गेलात की मी माझ्यापुरती भरली वांगी करते. उगाच वाटेकरी कशाला?"

गुंडो भिंतीकडे तोंड करून पडला.

दुपारी जेवणाच्या गाडीवर वांगीभात आला. सगळ्या वॉर्डाला मिळाला, सोबतच्या बायकांनाही मिळाला. गुंडोच्या ताटात दहीभात.

"अहो, वांगं चालतं मला! काढा ते कॉम्प्युटरातून!"

"औषधाच्या खान्यात पेनिसिलिन घातलंय सर," शिल्पाश्री म्हणाली. "पण जेवणाचं फक्त आहारवाल्या मॅडमना बदलता येतं. त्या रजेवर आहेत."

"त्याच्यासमोर नको खाऊस गं," अक्का कुजबुजली आणि स्वतः मोठा घास घेतला.

"मसाला मात्र छान हो, अक्का," पद्मावती म्हणाली.

नवं औषध थेंब थेंब आत जात होतं. ताप उतरत होता, त्यामुळे भूकही लागली होती आणि वासही नीट येत होता.