एकादशीने मला सोडवलं

मी एक विषाणू बोलतोय. तोंड मला नाही, राग मात्र भरपूर आहे.

म्हैसूरची कमलाक्षी शाळकरी पोर होती, तेव्हा मी तिच्या अंगात शिरलो. धड हातपाय पसरले नाहीत तोच तिच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांनी मला मानगूट धरून मूत्रपिंडात कोंडलं. पोर मोठी झाली, शाळेत टीचर झाली, तरी मी आतच. तो अपमान मी विसरलो नाही.

पुढे तिचा थोरला भाऊ गुरुराज याची मूत्रपिंडं निकामी झाली. बहिणीने आपलं एक काढून दिलं. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. त्या दानाबरोबर मीही आलोय, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

परकं मूत्रपिंड झिडकारलं जाऊ नये म्हणून डॉक्टर मधुमिता गुरुराजच्या पहारेकऱ्यांना गोळ्यांनी गुंगीत ठेवत. तेही बेताने. फार जागे राहिले तर ते मूत्रपिंडावरच तुटून पडणार, फार झोपले तर मी सुटणार. बाई हुशार! मी दातओठ खात बसलो.

शेवटी माझ्या मदतीला धावला तो गुरुराजच. एकादशीला त्याने निर्जळ उपास धरला. पाणीच प्यायचं नाही, तर गोळ्या कशा गिळणार? द्वादशीला सकाळी तसाच तपासणीसाठी रक्त द्यायला गेला. रक्तात औषध कमी दिसलं.

"गोळी चुकली का?" डॉक्टरांनी विचारलं.

"इल्ला मॅडम, एकही सोडलो नाही."

झालं! डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पहारेकरी घोरायला लागले आणि मी बाहेर पडलो. ज्या मूत्रपिंडात कुजलो तेच पोखरायला घेतलं. काय सुख होतं त्यात!

पण पुढच्या तपासणीत मी पकडला गेलो. "औषध फारच जास्त झालंय," डॉक्टर म्हणाल्या, "मग तेव्हा कमी कसं दिसलं?"

सोबत आलेली कमलाक्षी बोटांवर तिथी मोजत होती. ती थांबली.

"अण्णा, द्वादशीला ब्लड दिलास. आदल्या दिवशी गोळी घेतलास?"

"निर्जळ होतं गं. एकच दिवस म्हणून..."

"अय्यो! देवाने माझी किडनी मागितली नव्हती रे. तू मागितलास!"



डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या. पहारेकरी डोळे चोळत उठले आणि त्यांनी मला पुन्हा कोठडीत ढकललं. पोखरलेलं मात्र भरून येणार नाही, एवढा सूड मी उगवलाच.

आता एकादशीला गुरुराज तीर्थाबरोबर गोळी घेतो. घेऊ दे. मी मेलेलो नाही. गुरुराज, डॉक्टर पुन्हा विचारतील. माझ्यासाठी एकदाच, फक्त एकदाच, खोटं बोल.